तुम्ही विचारलेत म्हणून: ही गाडी किती पळते?

मोटारसायकलचे इंजिन बसवून घरी बांधलेली, कच्च्या जमिनीवर चालणारी गो-कार्ट कोणी पहिल्यांदा पाहिली, की जवळ येऊन हात लावण्याआधीच प्रश्न येतो, "किती पळते?" विचारणारा शाळकरी मुलगा असो वा निवृत्त गृहस्थ, प्रश्न बदलत नाही, आणि उत्तर ऐकून होणारा हिरमोडही सगळ्यांचा सारखाच असतो. ताशी साठ किलोमीटर, तेही टॉप गिअरमध्ये आणि मोकळ्या सपाट जमिनीवर. हेच दीडशे सीसीचे इंजिन मोटारसायकलवर असताना शंभरी गाठत होते, मग चार चाके लावून तुम्ही मिळवलेत काय, अशी पृच्छा त्यापाठोपाठ होते. तिचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, कारण हा कमी वेग मी मुद्दाम निवडलेला आहे आणि गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग त्या निवडीशी बांधलेला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आर्ट इंगल्स यांनी 1956 मध्ये कॅलिफोर्नियात पहिली गो-कार्ट बांधली, तेव्हा त्यांनी वेस्ट बेंड कंपनीचे छोटे टू-स्ट्रोक इंजिन वापरले होते. गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनलेल्या अशा इंजिनाला गिअरबॉक्स नसतो. वेग वाढला की आपोआप पकडणारा सेंट्रिफ्यूगल क्लच आणि एकच चेन, एवढ्यावर सगळा कारभार चालतो. गुळगुळीत डांबरी मैदानावर ते भागते. ढेकळे, वाळू आणि चढ आले की एकाच गिअरात दोन्ही कामे साधत नाहीत: चढासाठी गिअर लावला तर सपाटीवर इंजिन नुसते ओरडते, आणि सपाटीसाठी लावला तर चढावर क्लच जळतो. मोटारसायकलच्या इंजिनात क्लच, चार-पाच गिअर आणि चेनचे पुढचे स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) हे सगळे एकाच आवरणात जमवलेले मिळते. ते निवडण्याचे माझे कारण हे आहे. ताकद ही त्यानंतरची गोष्ट.

मात्र हा गिअरबॉक्स मोटारसायकलच्या वजनासाठी आणि चाकासाठी बेतलेला असतो. स्वारासकट मोटारसायकल दोनशे किलोच्या आसपास भरते. पोलादी पाइपची चौकट, चार जाड चाके आणि सीट धरून कार्ट चालकासकट पावणेतीनशेच्या पुढे सहज जाते. म्हणून इंजिन हाती आल्यावर मी सर्वांत आधी त्याच्या आतले गुणोत्तर मोजतो. स्पार्क प्लग काढायचा, म्हणजे दाब राहत नाही. पुढच्या स्प्रॉकेटवर आणि मॅग्नेटोवर (इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर फिरणाऱ्या चाकावर) खडूने एकेक खूण करायची. पहिला गिअर टाकून मॅग्नेटोच्या नटावर पाना लावून सावकाश फिरवत राहायचे आणि स्प्रॉकेटची एक फेरी पूर्ण होईपर्यंत मॅग्नेटोच्या किती फेऱ्या झाल्या ते पाहायचे. माझ्या इंजिनात पहिल्या गिअरला त्या जवळजवळ नऊ भरल्या आणि टॉपला तीन. माहितीपत्रक हाताशी नसले तरी चालते. हे दोन आकडे मिळाले की बाकीचा हिशोब कागदावर होतो.

तो हिशोब असा आहे. मागे 22 इंच व्यासाचे एटीव्हीचे, म्हणजे कच्च्या जमिनीवरच्या चारचाकी दुचाकीवजा गाडीचे, टायर आहेत. त्यांचा परीघ सुमारे पावणेदोन मीटर. इंजिन मिनिटाला 8000 फेऱ्यांवर आहे असे धरले आणि मोटारसायकलवर असते तसे चेनचे गुणोत्तर (मागच्या स्प्रॉकेटचे दात भागिले पुढच्याचे) 3 च्या आसपास ठेवले, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी 31 किलोमीटर जाते आणि टॉपमध्ये 93. हे आकडे ऐकायला बरे वाटतात, पण पहिल्या गिअरचा आकडा काळजीपूर्वक पाहावा. खडकाळ चढावर माणसाच्या चालीने जायचे असेल, तर या गुणोत्तरात इंजिन बंद पडण्याच्या बेतात येते आणि चालकाला अर्धा क्लच दाबून धरावा लागतो. 13 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देणारे दीडशे सीसीचे इंजिन या जोडणीत चाकाशी जेमतेम हजारभर न्यूटनचा जोर लावते, आणि 280 किलोची गाडी चारास एक अशा चढावर नुसती धरून ठेवायलाच सुमारे 670 न्यूटन लागतात. भुसभुशीत मातीचा अवरोध वेगळा. हाताशी उरते ते फारच थोडे. चेनचे गुणोत्तर 4.5 केले, की तोच जोर सोळाशेच्या घरात जातो, पहिला गिअर ताशी 21 वर संपतो आणि टॉप साठच्या जरा पुढे. ऐकणाऱ्याला निराश करणारा तो आकडा येथून आला आहे. माझ्या मते अशा गाडीबद्दल विचारण्यासारखी गोष्ट म्हणजे ती क्लच न दाबता किती हळू जाऊ शकते.

4.5 साधायचे कसे, हा पुढचा भाग. पुढे 12 दात आणि मागे 54 असे केले की गणित जुळते. 428 क्रमांकाच्या चेनचा पिच (दोन कड्यांमधले अंतर) अर्धा इंच असतो, त्यामुळे 54 दातांचे स्प्रॉकेट साधारण 22 सेंटीमीटर व्यासाचे होते आणि 22 इंची टायरवर त्याच्या खाली 17 सेंटीमीटर जागा उरते. याहून मोठे स्प्रॉकेट लावले, तर ते दगडावर आपटण्याची भीती. पुढचे 12 दातांहून लहान केले, तर चेनला फार तीव्र वळण घ्यावे लागते आणि ती लवकर झिजते. ज्यांना याहूनही खालचा गिअर हवा असेल त्यांनी मध्ये आणखी एक शाफ्ट घालून दोन टप्प्यांत गती उतरवावी. त्यात वजन आणि खटपट वाढते, पण जमिनीपासूनची उंची वाचते. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत की नाहीत ते मी मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला लांब सरळ पट्टी टेकवून पाहतो. दोन मिलिमीटरचा फरकही डोळ्यांना दिसत नाही. चेनला मात्र तो पहिल्याच फेरीत कळतो, आणि दातांची एक बाजू चकचकीत होऊ लागली की आपल्यालाही कळतो.

इंजिन कोणत्या दिशेने बसवायचे, याचा विचार चौकटीचा पहिला पाइप कापण्याआधी झाला पाहिजे. चेन फिरण्याची दिशा बदलत नाही, त्यामुळे इंजिनाचे तोंड मोटारसायकलवर होते तसेच पुढे असेल, तर ते ॲक्सलच्या पुढे असो वा मागे, गाडी पुढेच जाते. जागेच्या सोयीसाठी कोणी ते उलटे फिरवून बसवले, तर गाडीला पुढे जाणारा एकही गिअर मिळत नाही आणि मागे जाणारे पाच मिळतात. इंजिनाचा कलही मूळ कोनातच हवा, कारण कार्ब्युरेटरमधला फ्लोट आणि आतले तेल शोषणारी जाळी दोन्ही त्याच कोनासाठी बनलेली असतात. त्यातून एअर-कूल्ड इंजिन सीटच्या मागे, चालकाच्या पाठीच्या आडोशाला गेले की त्याच्या फिन्सना वारा लागत नाही, आणि आपण तर ते मुद्दाम जास्त फेऱ्यांवर व कमी वेगाने चालवणार असतो. मोटारसायकलला वाऱ्याने जे फुकट मिळत होते, ते येथे बॅटरीवरच्या पंख्याने आणि पत्र्याच्या झडपेने द्यावे लागते. गाडी हळू ठेवण्याची खरी किंमत ही आहे, आणि ती मोजायची तयारी नसेल त्याने ऑइल कूलर असलेले किंवा पाण्याने थंड होणारे इंजिन पाहावे.

मागचा ॲक्सल एकच सलग दांडा आहे, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर जायचे असते आणि सलग ॲक्सल त्याला ते करू देत नाही, म्हणून एक चाक घसरावेच लागते. डांबरावर यामुळे गाडी वळायला नाखूश असते. मातीवर चाक सहज घसरते, आणि एक चाक चिखलात फिरत राहिले तरी दुसरे ओढत राहते. कच्च्या जमिनीसाठी हा सौदा मला फायद्याचा वाटतो. दांडा 30 मिलिमीटरचा आहे, तो यूसीपी 206 बेअरिंगमध्ये बसतो. या बेअरिंगला आत थोडे डुलण्याची मुभा असते, त्यामुळे वेल्डिंगने चौकट जराशी ओढली गेली तरी दांडा अडकत नाही. दांडा आवळून धरणारे त्याचे छोटे ग्रब स्क्रू मात्र खडखडाटात ढिले होतात. दांड्यावर त्यांच्यासाठी छोटे खळगे पाडून घेतलेले बरे.

चौकटीबद्दल लोक फारसे विचारत नाहीत, पण अपघात झालाच तर कामाला येते ती चौकटच. त्रिकोण करत जावे, कारण चौकोन दाबला की तिरका होतो आणि त्रिकोण होत नाही. पाण्याच्या नळाचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वापरू नये: जस्त 907 अंशांना उकळते आणि लोखंड 1538 ला वितळते, म्हणजे वेल्डिंगच्या ठिकाणी जस्ताचा धूर होणारच, आणि तो श्वासातून गेला की त्या रात्री थंडी वाजून ताप भरतो. दोन पाइप जिथे भेटतात, तिथे एकाचे टोक माशाच्या उघड्या तोंडासारखे कानशीने घासून दुसऱ्याच्या गोलाईवर असे बसवावे, की मधून उजेड दिसू नये. फट राहिली तर वेल्डर ती भरून काढतो, वरून सांधा छान दिसतो, पण जोर येतो तेव्हा नुसते भरण तुटते. आधी सगळीकडे फक्त टाके मारावेत, कर्ण मोजावेत, आणि मग एक सांधा डावीकडचा, एक उजवीकडचा असे आलटून पालटून पूर्ण करावेत. एकाच बाजूने सलग वेल्डिंग करत गेले की थंड होताना सगळी चौकट त्या बाजूला खेचली जाते. डोक्यावर रोल केज (गाडी उलटली तर आधार देणारा पाइपचा पिंजरा) आणि अंगावर पट्टे ही दोन्ही एकत्रच हवीत. नुसती केज असेल, तर उलटताना माणूस तिच्यावरच आदळतो किंवा अर्धा बाहेर फेकला जाऊन तिच्याखाली सापडतो.

अशी गाडी उलटते ती बहुधा वळणावर घसरताना. रुंद बैठक आणि खाली ठेवलेले वजन यांमुळे मातीवर ती आधी घसरते, आणि घसरण्यात धोका थोडा असतो; पण घसरत असलेले चाक चाकोरीत किंवा दगडाला अडले, की त्या क्षणी सगळा वेग उलटण्याच्या कामी येतो. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते आणि थांबायला लागणारे अंतरही साधारण चौपट होते, म्हणून साठ आणि नव्वद यांतला फरक वाटतो त्याहून फार मोठा आहे. स्टिअरिंगमध्ये पुढच्या दोन्ही चाकांचे आर्म असे वळवलेले असावेत, की त्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर मागच्या ॲक्सलच्या मध्यापाशी मिळाव्यात. घोडागाड्यांसाठीच्या या रचनेचे पेटंट 1818 मध्ये इंग्लंडमध्ये रुडॉल्फ ॲकरमन यांच्या नावे झाले. मूळ कल्पना म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गर या घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिराची होती, आणि नाव मात्र ॲकरमन यांचेच चिकटले. किंगपिन, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते ती, वरच्या बाजूने मागे झुकवलेली असावी, म्हणजे वळण संपल्यावर चाके आपण होऊन सरळ होऊ पाहतात.

ब्रेक एकच आहे, हायड्रॉलिक डिस्क, आणि ती मागच्या ॲक्सलवरच बसवली आहे. इंजिनाच्या बाजूच्या कोणत्याही शाफ्टवर ब्रेक बसवणे सोपे असते, पण चेन तुटली की इंजिनाचा अटकाव आणि ब्रेक दोन्ही एकदमच जातात. ॲक्सलवरचा ब्रेक दोन्ही चाके धरतो; सलग दांड्याचा हा आणखी एक फायदा. ॲक्सिलरेटरच्या पेडलला मागे ओढणाऱ्या दोन स्वतंत्र स्प्रिंग लावल्या आहेत आणि पुढे पक्का अडसर ठेवला आहे, कारण उत्साहाच्या भरात पाय जो जोर लावतो तो हाताच्या मुठीसाठी बनलेली केबल सोसत नाही. याच अडसराचा बोल्ट फिरवून पेडलच्या दिशेने पुढे आणून ठेवला, की थ्रॉटल निम्माच उघडतो. नवख्याला गाडी देताना मी तेच करतो. इंजिन बंद करण्याची कळ चालकाच्या हाताशी आहे, आणि दुसरी बाहेरून कोणालाही पोचता येईल अशी केजच्या मागच्या खांबावर.

गिअर बदलायला पायाऐवजी हाताचा दांडा आहे. पुढे ढकलला की खालचा गिअर, ओढला की वरचा. क्लच डाव्या पेडलवर आहे. गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नाही आणि मी ती तिकडे नेत नाही. रिव्हर्सची सोय मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये नसते. चेनच्या मार्गात बसवायचे रिव्हर्सचे वेगळे बॉक्स मिळतात, पण त्यांचे वजन आणि मधला वाढीव सांधा मला नको होता. त्यामुळे समोर बांध आला की मी न्यूट्रल करतो, पट्टा सोडतो, खाली उतरतो आणि पुढचा बंपर धरून गाडी मागे ढकलतो.