दोरा आतच राहू दे

कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जायचं हे आमच्या घरात आईचं खातं. यंदा तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तर तिने कवड्यांची माळ काढली आणि माझ्या गळ्यात घातली, विषय संपला. दसऱ्यापासून झोपलेली तुळजाभवानी पौर्णिमेला उठून सिंहासनावर बसते, तेव्हा घरातलं कोणीतरी दारात पाहिजे म्हणे. मी हो म्हटलंच नव्हतं.

पहाटे रूपाभवानीला नारळ फोडून निघालो, मी आणि गल्लीतल्या चौघी. 45 किलोमीटर. हिप्परग्याचा तलाव, उळे कधी मागे पडलं कळलं नाही. गाड्या बंद, रस्ताभर नुसती माणसं, आणि दर थोड्या अंतरावर कोणीतरी हाताला धरून चहा पाजतंय, केळी देतंय, पुढे त्याच कपांचा आणि सालींचा खच. एका ठिकाणी डीजे इतका जोरात की छातीत धडधडायला लागलं. आईला फोनवर कटकट केली तर म्हणाली, तुला चालायला पाठवलंय, ऐकायला नाही.

तामलवाडीच्या पुढे माझा निकाल लागला. नवे कोरे स्पोर्ट्स शूज घातले होते, अक्कल गहाण. उजव्या टाचेला लिंबाएवढा फोड. चौघी पुढे गेल्या, मीच जा म्हटलं आणि मग गेल्या म्हणून चिडले. बाभळीच्या अर्ध्या सावलीत बसून जीप मिळते का बघत होते, आणि गाड्या बंद आहेत हे 2 मिनिटांनी आठवलं.

तेवढ्यात एक आराधी म्हातारी येऊन टेकली. कपाळभर कुंकू, काखेत परडी, पाय अनवाणी.

"पाय दाव."

"नको मावशी, राहू दे." गळ्यात माळ असलेल्या बाईच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा?

"गप बस. सात नातवंडांची ढुंगणं धुतल्यात या हातानं, तुझ्या पायाचं काय घेऊन बसलीस!"

चंचीतून तंबाखूच्या पुडीमागून सुई निघाली, काळा दोरा निघाला. फोडातून सुई आरपार घातली, पाणी बाहेर आलं, दोन्हीकडे दोरा थोडा थोडा ठेवून तोडला. "वढू नको. दोरा आतच राहू दे, पाणी झिरपत ऱ्हातंय." मग परडीतली हळद चोळली, पदराची किनार फाडून बांधली, बुटांच्या लेसची गाठ मारून बूट माझ्या गळ्यात अडकवले आणि स्वतःच खो खो हसली.

पुढे तिच्याबरोबरच चालले. सगळी वाट धाकट्या सुनेच्या तक्रारी. सून चहात साखर कमी घालते हे मी 3 वेळा ऐकलं. घाटाच्या पायथ्याशी तर वाटलं, फोड परवडला.

घाटात अंधार पडला, गर्दीत ती कुठे गेली कळलं नाही.

रांगेचं काय सांगू, सगळ्यांना माहितीये. मुखदर्शन घेतलं, 2 सेकंद, मागून रेटा, पुढून ओढ. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. मळवटही नीट दिसला नाही, लक्ष सगळं टाचेकडे.

बाहेर होमकुंडाजवळ आले तर संबळ चालू होता, आराधी बायका खेळत होत्या, आणि मधोमध हातात पेटती पोत घेऊन माझी म्हातारी! कंबर ताठ, डोळे मिटलेले, पाय जमिनीला लागत होते की नाही कोण जाणे. एरवी अंगात आलेलं बघून मी मान वळवते, ओशाळल्यासारखं होतं. त्या दिवशी वळवता आली नाही. कोणीतरी आई राजा उदो उदो म्हणालं आणि सगळ्यांबरोबर माझाही आवाज निघाला, मग निघतच राहिला, घसा फाटेपर्यंत, नाक गळतंय, ओढणी कुठे गेली पत्ता नाही, रडतेय का ओरडतेय तेच कळेना. पाय दुखायचा थांबला बिंबला नाही हां, ठणकतच होता.

घरी आल्यावर आईने आधी माळ मागितली, मग पाय बघितला.

"दोरा कोणी ओवला?"

नाव विचारलंच नव्हतं.

"बरं. सुई भाजून घेतली होती का तिने?"

ते काही मला आठवेना.