तीन हजार गुरू आणि एक फोटो

१० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत होता, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. त्या आठवड्यात निपाणीत आभाळ लख्ख होतं. मोबाईल दुर्बिणीच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) टेकवून काढलेल्या पांढऱ्या ठिपक्यावर यंदा भागवायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

माझी दुर्बीण सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, हातानं ढकलायची. मोटर नाही. दोन पट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जादा भिंग) लावला की फोकल लेंग्थ २४०० मिलिमीटर होते, आणि त्यामागं छोटा प्लॅनेटरी कॅमेरा. गुरू फ्रेमच्या एका कडेला आणायचा आणि हात काढून घ्यायचा. पृथ्वी फिरतेय म्हणून तो आपोआप दुसऱ्या कडेला सरकतो. माझ्या कॅमेऱ्यात या प्रवासाला जेमतेम अर्धा मिनिट लागतो. सेकंदाला ३० फ्रेम म्हटल्या तर कामाच्या सातशे-आठशे मिळतात. अशा चार फेऱ्या केल्या की तीन हजार. त्या एकावर एक रचून शेवटी एकच फोटो करायचा.

पहिल्या रात्री घराच्या स्लॅबवरच मांडामांड केली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहाला वाफा सोडावा तशी ऊब सोडत होता. विहिरीत पडलेला रुपया पाणी हलल्यावर दिसतो, तसा गुरू दिसत होता. दुसऱ्या रात्री मामांच्या मळ्यात गेलो. दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवली, म्हणजे आरसा हवेइतका गार होतो. मध्यरात्रीपर्यंत थांबायचं नव्हतं. यंदा आपल्याकडं गुरू तेव्हा जवळजवळ डोक्यावर येत होता आणि डॉब सरळ वर धरून ढकलायला गेलं की ती गरकन भलतीकडंच वळते.

मामा ऊसाला पाणी पाजायला आले होते. "ह्यो यंत्रात काय दिसतंय रं?" म्हणून थांबले, दोन फेऱ्यांच्या मधे बोलत बसलो. हे बोलणं महागात पडलं. चार फेऱ्यांना अकरा मिनिटं गेली. गुरू ९ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो, म्हणजे अकरा मिनिटांत साडेसहा अंशांच्या वर. चित्रात गोलाची कड नीट आणि आतले पट्टे मात्र अंगठ्यानं पुसल्यासारखे. आधी वाटलं फोकस चुकला. पण फोकस चुकला असता तर कडही गेली असती ना! तिसऱ्या रात्री मामांना आधीच सांगून ठेवलं आणि तीन मिनिटांत चारही फेऱ्या उरकल्या.

पुढचं काम लॅपटॉपवर. पिप नावाच्या प्रोग्रॅमनं प्रत्येक फ्रेममधला गुरू मधोमध आणला, भोवतीचा काळोख कापला, चार फेऱ्यांची एक फाईल केली. मग ऑटोस्टॅकर्ट, फ्रेम एकावर एक रचणारा प्रोग्रॅम. तो एकेक फ्रेम तपासून चांगल्यापासून वाईटापर्यंत रांग लावतो आणि त्यांच्या दर्जाचा आलेख दाखवतो. माझा आलेख सुरुवातीलाच घसरगुंडीसारखा खाली आला होता, म्हणजे चांगल्या फ्रेम थोड्याच. गोलावर अलाइनमेंट पॉइंट, म्हणजे फ्रेम जुळवायच्या चौकटी, टाकायच्या असतात, कारण हवेमुळं गुरू नुसता सरकत नाही, त्याचा प्रत्येक तुकडा वेगळा हलतो. मी हौसेनं बारीक बारीक चौकटी टाकल्या. प्रोग्रॅमला त्यात धरायला काही खूण सापडेना, आणि गोलावर गोधडीसारखे जोड उमटले. चौकटी मोठ्या केल्या तेव्हा ते गेले.

खरी अडचण किती टक्के फ्रेम घ्यायच्या ही. कष्टानं आणलेल्या म्हणून मी सगळ्या घेतल्या. चित्र गुळगुळीत आलं, तपशील शून्य. मग फक्त दहा टक्के. तपशील आला, पण रव्यासारखे दाणे. हा दाणेदारपणा फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळानं कमी होतो: शंभर फ्रेमला दहापट, चारशेला वीसपट. म्हणजे चौपट माल घातला तरी फायदा दुप्पटच, आणि त्या मालात खराब फ्रेम आल्या तर तोही जातो.

आई मागं उभी राहून बघत होती. तिनं तंबाखूच्या वखारीत वीस वर्षं चाळण मारली आहे. म्हणाली, "सगळंच घेतलंस व्हय? चाळल्याबिगर माल कधी उतरतोय?"

पंचवीस टक्क्यांवर थांबलो, म्हणजे साडेसातशे फ्रेम. रेजिस्टॅक्स या प्रोग्रॅममध्ये तपशील ठळक करणारे वेव्हलेटचे स्लायडर हळूहळू वाढवले. पहिल्यांदा हावरटपणा केला होता, तेव्हा गुरूला नाण्यासारखी पांढरी कड आली होती. वातावरणामुळं लाल आणि निळा थोडे वेगळे पडले होते, ते त्यातल्याच आरजीबी अलाइन या सोयीनं एकावर एक बसवले. दोन मुख्य पट्टे, त्यातली खालीवर झालेली कड, आणि बाजूला एक चंद्र. गोल जेमतेम १४५ पिक्सेलचा. मोबाईलवर पाहायला पुरेसा.

आईनं फोटो पाहिला आणि विचारलं, "आणि चाळून राहिलेलं?" ते अजून डिस्कवर आहे, जवळजवळ चार जीबी. तिच्या वखारीत म्हणे चुराही वाया जात नसे.