अब्राहम लेकवर जाताय? मधल्या काचेसारख्या बर्फाचं सोडा, आधी कडेचं वाचा

बडोद्याच्या आपल्या ग्रुपमधले तिघेचौघे जण येत्या जानेवारीत मुलांकडे कॅनडाला जाणार आहेत आणि सगळ्यांनी मला तोच प्रश्न विचारला की ते बुडबुडेवालं गोठलेलं तळं बघण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. बघण्यासारखं आहे. शंभर टक्के आहे. पण आम्हाला ज्या पद्धतीनं नेलं तसं जाऊ नका.

रीलमध्ये काय दिसतं, तर सपाट निळा काचेसारखा बर्फ, त्यात गोठलेले पांढरे बुडबुडे आणि वर कोणीतरी हात पसरून उभं. तिथपर्यंत पोचायचं कसं हे एकाही रीलमध्ये नाही. अब्राहम लेक हे नैसर्गिक तळं नाहीच, ते धरणाचं पाणी आहे. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात नॉर्थ सस्कॅचेवान नदीवर बिगहॉर्न धरण बांधलं तेव्हा १९७२ मध्ये हे तयार झालं, लांबी साधारण ३२ किलोमीटर. धरणाचं आहे ही गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती, आणि माझी सगळी तक्रार तिथेच आहे.

आपण बडोद्याचे लोक, पावसाळा आला की रोज सकाळी आजवा धरणाची लेव्हल बघतो, २११ फुटांच्या वर गेली की विश्वामित्रीच्या काठच्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणजे धरणाचं पाणी वरखाली होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिकडे उलटं चालतं. उन्हाळ्यात हिमनद्या वितळून पाणी भरतं, आणि हिवाळ्यात वीज बनवायला ते सोडत राहतात (१२० मेगावॅटचं पॉवरहाउस आहे, शिवाय खाली एडमंटनकडे जाणाऱ्या नदीला हिवाळ्यातही पाणी मिळतं). आता विचार करा, वर बर्फाचं झाकण घट्ट बसलंय आणि खालून पाणी रोज थोडं थोडं उतरतंय. मधला बर्फ पाण्याबरोबर खाली जातो, पण कडेचा बर्फ कुठे जाणार? तो दगडांवर टेकून राहतो, मग वाकतो, तडकतो, त्याच्या मोठ्या लाद्या होऊन तिरक्या पडतात आणि लाद्यांखाली नुसती पोकळी.

ती कड म्हणजे फार तर ४० मीटर. आम्हाला जायला पस्तीस मिनिटं लागली आणि परत यायला त्याहून जास्त.

पहिल्या वेळी कॅलगरीहून एका टूरवाल्याबरोबर गेलो होतो. माणशी १४९ कॅनेडियन डॉलर, म्हणजे आपले नऊएक हजार रुपये, वर क्लीट्सचे (बुटाला लावायचे खिळे) भाडं २० डॉलर वेगळं, जे बुकिंगच्या वेळी कुठेही लिहिलेलं नव्हतं. गाइडेड आइस वॉक असं नाव. पहाटे साडेचारला निघालो, बॅन्फ नॅशनल पार्कमधून गेलो, तळ्याकाठी प्रीचर्स पॉइंटला उतरलो, गाइडनं सगळ्यांच्या हातात क्लीट्स दिले, हातानं दिशा दाखवली आणि दीड तासात या म्हणाला, स्वतः गाडीत हीटर लावून बसला. आमच्यात एक सत्तरीच्या आजी होत्या पंजाबहून आलेल्या. आमच्या हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एका लादीवर पाय ठेवला तर आतून रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा आवाज आला, आणि दुसऱ्या पावलाला लादी कलली, ही गुडघ्यावर पडली आणि एक पाय मांडीपर्यंत फटीत. खाली पाणी नव्हतं, चिखल आणि दगड होते म्हणून वाचलो. मी आणि भाच्यानं दोन्ही बाजूंनी धरून काढलं, भाचा सारखा "मामी हलू नका, मामी हलू नका" म्हणत होता. गुडघा महिनाभर दुखला. परत गाडीत आल्यावर गाइडला सांगितलं तर म्हणे कड अशीच असते. मग आधी का नाही सांगितलंस रे बाबा! तोच एक भाग होता जिथे त्याची गरज होती.

तर माझं स्पष्ट मत: टूर घ्यायची असेल तर आधी एकच प्रश्न विचारा, गाइड बर्फावर आमच्याबरोबर येणार का आणि कड तो स्वतः पार करून देणार का. लेखी हो आलं तरच पैसे भरा. नाहीतर स्वतः जा.

आम्ही दहा दिवसांनी परत गेलो, भाच्याच्या गाडीनं. हिचा हट्ट होता, म्हणाली मी ते बुडबुडे नीट बघितलेच नाहीत. यावेळी रेड डीअर, रॉकी माउंटन हाउस करत तळ्याजवळच्या नॉर्डेग गावी गेलो आणि रात्री तिथेच राहिलो. कॅलगरीपासून साधारण सव्वातीनशे किलोमीटर. या रस्त्यानं नॅशनल पार्कचा पास लागत नाही, कारण तळं पार्कच्या बाहेर आहे. बॅन्फवरून आइसफील्ड्स पार्कवेनं गेलात तर पास लागतो, गाडीला हिवाळी टायर लागतात, आणि वाटेतल्या सस्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंगचा पेट्रोल पंप हिवाळ्यात बंद असतो, म्हणजे लेक लुईसनंतर पेट्रोल थेट नॉर्डेगला. टाकी भरूनच निघा. तळ्याकाठी आमच्या तिघांच्याही फोनला नेटवर्क शून्य होतं, नकाशा आधीच डाउनलोड करा आणि कुणाला तरी सांगून जा की किती वाजेपर्यंत परत येणार.

कड कशी पार करायची ते सांगतो. दहा मिनिटं काठावर उभं राहून नुसतं बघा. जिथे लाद्या उभ्या-तिरक्या पडल्यात तिथून अजिबात नाही, जिथे काठ उथळ आहे आणि बर्फ जमिनीला चिकटून सपाट उतरलाय ती जागा शोधा, त्यासाठी दोनतीनशे मीटर चालावं लागलं तरी चाला. हातात काठी हवी, पुढे ठोकत जायचं, आवाज भरीव आला तर पाय, पोकळ आला तर मागे. एकामागे एक, मध्ये अंतर ठेवून. नदी किंवा ओढा जिथे येऊन मिळतो तिथे प्रवाहामुळे बर्फ पातळ राहतो, तिकडे फिरकू नका. तळातून गॅसचे बुडबुडे जास्त येतात तिथेही तेच. चालायला निदान १५ सेंटीमीटर घट्ट बर्फ हवा असं तिकडे शिकवतात. आणि काल चांगला होता म्हणून आज असेल असं धरून चालू नका, रात्रीत पाणी उतरलेलं असू शकतं. क्लीट्स विकत घ्या, आम्हाला ३५ डॉलरला जोडी मिळाली, दोनदा भाड्यानं घेण्यापेक्षा स्वस्त.

थंडीबद्दल फार लिहीत नाही, थर्मल वगैरे तुम्ही नेणारच. फक्त वारा लक्षात घ्या. उणे १८ होतं पण वाऱ्यामुळे उणे तीसच्या खाली वाटत होतं, आणि पावागड दर रविवारी चढणारा माणूस असलो तरी त्या वाऱ्यात सरळ उभं राहणं हेच काम होतं. फोन ४० टक्क्यांवर असताना बंद पडला, आतल्या खिशात अंगाला लावून ठेवा. त्या वाऱ्याला शिव्या घालू नका मात्र, तोच वरचा भुसभुशीत बर्फ झाडून काढतो म्हणून खालचं दिसतं.

आणि काय दिसतं! मी पोटावर आडवा झालो आणि हातमोज्यानं बर्फ पुसला. खाली पांढऱ्या चकत्या, एकावर एक, जशा दुकानात बत्ताश्यांच्या चळती लावतात तशा, वरची रुपयाएवढी, खालची ताटाएवढी, त्याखाली अजून एक, आणि मग नुसता निळा काळोख. तळाशी झाडपाला वगैरे कुजतो, जिवाणूंमुळे मिथेन तयार होतो, वर येता येता बर्फाखाली अडकतो. बर्फ खालच्या बाजूनं जाड होत जातो, म्हणून आधीचा बुडबुडा वर बंद होतो आणि नवा त्याच्याखाली येऊन थांबतो. म्हणजे वरून खाली बघताना आपण डिसेंबरकडून जानेवारीकडे बघत असतो. ही शेजारी बसून मोजत होती, एका चळतीत तिनं चौदा मोजले. मध्येच लांबून कुठूनतरी बर्फ तडकल्याचा आवाज येतो, खोल ढोलासारखा, पहिल्यांदा छातीत धस्स होतं. दोन तास आम्ही तिघं एका खोलीएवढ्या जागेत होतो आणि पुढे जावंसं वाटलंच नाही. तेव्हा लांब चालायचा प्लॅन करू नका, एक चांगली जागा मिळाली की तिथेच थांबा.

एक गोष्ट अजून, कारण तिथे कुणी सांगत नाही. ही जमीन रिकामी नव्हती. इथल्या कूटने प्लेन्स नावाच्या मैदानावर स्टोनी हे तिथले मूळनिवासी लोक राहत होते, त्यांची घरं आणि त्यांच्या माणसांची दफनभूमी या पाण्याखाली गेली. तळ्याला ज्यांचं नाव दिलंय ते सायलस अब्राहम त्यांच्यातलेच, त्या खोऱ्यात राहिलेले. आपल्याकडे नर्मदेकाठची गावं बुडालेली आपण बघितली आहेत, त्यामुळे मला तिथे बर्फावर ड्रोन उडवत ओरडणारी पोरं बघून बरं वाटलं नाही.

कधी जायचं: जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. त्याआधी बर्फ कच्चा, नंतर पाणी अजून उतरून कड आणखी वाईट. जानेवारीत साडेआठनंतर उजाडतं आणि पाचच्या सुमारास सूर्य गेलेला असतो, म्हणून दहा ते दोन एवढाच वेळ धरा आणि उजेड असताना कड ओलांडून परत या. रस्त्यावर जंगली मेंढ्या मीठ चाटायला उभ्या असतात, अंधारात गाडी हळू. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर काठावरूनच बघा, तिथून डोंगर सुंदर दिसतात पण बुडबुडे दिसत नाहीत. बॅन्फचे दोन दिवस छान गेले, त्यावर सगळेच लिहितात.

क्लीट्सच्या दोन जोड्या भाच्याकडे कॅलगरीत पडून आहेत. ८ ते १० नंबरच्या बुटाला बसतात. कोणी बडोदेकर जाणार असेल तर मला कळवा, काठीही तिथेच आहे.