लग्नाचा खर्च आवरायचा तर कात्री आधी यादीला लावा

पैसे कमी पडताहेत असं दिसलं की कात्री आधी फुलांवर चालते, मग पत्रिकांवर, मग कपड्यांवर. पाहुण्यांच्या यादीला मात्र कुणी हात लावत नाही, कारण नाव कापलं तर माणूस दुखावेल ही धास्ती असते. धास्ती खोटी नाही. पण एक माणूस वाढला की एक ताट वाढतं, एक खुर्ची वाढते, पाणी वाढतं, आणि अशी तीसेक माणसं वाढली की हॉलच मोठा घ्यावा लागतो. फुलं निम्मी करून जे वाचतं ते दहा-पंधरा जादा पाहुण्यांत सहज निघून जातं.

म्हणून गणित उलटं मांडा. हातातल्या एकूण रकमेचे १०० भाग धरा. त्यातले १० भाग सुरुवातीलाच बाजूला काढा आणि ते नाहीतच असं समजा. उरलेल्या ९० मधून आधी ते खर्च वजा करा जे माणसं ५० आली काय किंवा ५०० आली काय, तेवढेच राहतात: फोटो, माईक, नवरा-नवरीचे कपडे, विधी, नोंदणी. समजा ते ४० भाग झाले. उरले ५०. आता एका माणसामागे जेवण, पाणी, खुर्ची आणि जागेचा वाटा मिळून ०.४ भाग लागत असेल, तर ५० भागिले ०.४ म्हणजे १२५ माणसं. आधी हा आकडा, मग यादी. यादी आधी करून आकडा नंतर काढला तर तो कधीच खाली येत नाही.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पत्रिका मोजणं. १२५ हा डोक्यांचा आकडा आहे. एका घरातून सरासरी ३ माणसं धरली तर ती जेमतेम ४० घरं होतात. दोन्ही घरांची यादी एकाच शीटमध्ये ठेवा आणि प्रत्येक नावासमोर माणसांच्या संख्येचा वेगळा रकाना करा, त्यात लहान मुलंही धरा. दोन घरांच्या दोन याद्या दोन फोनमध्ये राहिल्या की सामाईक ओळखीची माणसं दोनदा मोजली जातात, आणि ज्यांना दोघांनी एकमेकांवर सोडलं ती राहूनच जातात. आमंत्रणावर ‘सहकुटुंब’ लिहिलंत तर किती जण येणार हे पाहुणे ठरवतील. नावं लिहिलीत तर ते तुमच्या हातात राहील. कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी प्रत्येक घरी फोन करून ‘किती जण येताय?’ असं थेट विचारावं. हे विचारायला संकोच वाटतो, पण मेसेजला ‘नक्की येऊ’ असं उत्तर मिळतं आणि त्यातून आकडा कळत नाही.

यादीनंतर दुसरी मोठी गोष्ट म्हणजे तास. आठ तासांच्या कार्यक्रमात दोनदा खाणं द्यावं लागतं, हॉल दिवसभर अडतो, फोटोग्राफरचे जादा तास लागतात. विधी आणि जेवण एकाच जागी साडेतीन-चार तासांत उरकलं तर दुसरी सजावट आणि गाड्या दोन्ही टळतात. दिवसा कार्यक्रम ठेवला तर दिव्यांचा खर्च जवळपास शून्यावर येतो. सुट्टीचा नसलेला दिवस घेणार असाल तर भाडं कमी करून मागायला अजिबात कचरू नका, त्या दिवशी हॉल रिकामाच राहणार असतो.

जागेचा अंदाज असा बांधावा: ओळीत मांडलेल्या खुर्च्यांना माणशी साधारण ८ चौरस फूट, टेबलं लावून बसायचं असेल तर १२. म्हणजे १२५ जणांना १,००० किंवा १,५००, आणि मंच, जेवणाची मांडणी व येण्याजाण्याची वाट वेगळी. ५ फूट व्यासाच्या गोल टेबलाभोवती ८ जण बसतात. भाडं ठरवताना वीज, जनरेटरचं इंधन, साफसफाई आणि खुर्च्या त्यात धरल्या आहेत का ते एकेक विचारा. आत किती वाजता शिरता येईल हेही. आणि बाहेरचा केटरर चालतो का, हे तर सगळ्यात आधी. ‘आमचाच केटरर, आमचाच डेकोरेटर’ अशी अट असलेला स्वस्त हॉल शेवटी बहुधा महागातच पडतो.

आता जेवण. इथे पैसेही सगळ्यात जास्त जातात आणि चुकाही इथेच होतात. पदार्थ वाढवले म्हणून पोट मोठं होत नाही, पण प्रत्येक जण सगळ्यातलं थोडंथोडं घेतो आणि आचारी प्रत्येक पदार्थ ‘पुरला पाहिजे’ म्हणून थोडा जास्त करतो. दहा पदार्थांचं ते ‘थोडं जास्त’ एकत्र केलं की पाच पदार्थांच्या दुप्पट अन्न उरतं. मोजके पदार्थ ठेवा, ते गरम राहतील आणि संपणार नाहीत एवढं पाहा. बुफेत पोट भरणारे पदार्थ रांगेच्या सुरुवातीला आणि महागडा पदार्थ शेवटी, तोही वाढप्याच्या हातून. ताट मध्यम आकाराचं घ्या. मोठ्या ताटात जागा दिसली की माणूस ती भरतो.

रांगेचंही गणित आहे. एका बाजूने माणशी २० सेकंद धरले तर १२५ जणांना ४२ मिनिटं लागतात. तेच टेबल भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी वाढायची सोय केली तर २१. खर्च काय, तर डावांचा एक जादा संच. रांग लांबली की माणसं पुन्हा उठावं लागू नये म्हणून एकदाच भरपूर घेतात, आणि ते टाकलं जातं.

केटररशी ठरवताना किमान हमीचा आकडा काय, हे लिहून घ्या. तेवढ्या ताटांचे पैसे माणसं कमी आली तरी द्यावेच लागतात. तो आकडा आलेल्या होकारांपेक्षा थोडा खाली ठेवावा आणि त्याच दरात वर किती ताटांपर्यंत वाढतील हेही कागदावर आणावं. हिशेब ताटांवर असेल तर आपल्या बाजूचा एक जबाबदार माणूस मोजणीला द्या: सुरू होण्याआधी ताटांच्या चळती मोजायच्या, शेवटी कोरी उरलेली मोजायची, वजाबाकी दोघांनी मिळून वहीत लिहायची. फोटोग्राफर, माईकवाले, ड्रायव्हर यांची ताटं हमखास विसरली जातात. ती १०-१५ तरी निघतात.

घरीच स्वयंपाक करून पैसे वाचवायचा विचार ३०-४० माणसांपर्यंत ठीक आहे. त्यापुढे जोखीम वाढते, आणि ती चवीपेक्षा तब्येतीची असते. आदल्या रात्री मोठ्या पातेल्यात केलेला पदार्थ झाकून ठेवला की वरून गार लागतो, पण मध्यभाग कितीतरी तास कोमट राहतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू भराभर वाढतात. शिजलेलं अन्न या टप्प्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही. करायचंच असेल तर पदार्थ शिजल्याबरोबर उथळ परातींत जेमतेम दोन इंचांचा थर होईल असा ओता, वाफ निवली की फ्रीजमध्ये ठेवा आणि वाढण्याआधी उकळी फुटेपर्यंत गरम करा. मुळात तेवढ्या पराती आणि तेवढा फ्रीज आहे का, हे आधी मोजा. नसेल तर हा बेत सोडून द्यावा. मसालाही माणसांच्या पटीत वाढवू नका: दहापट पदार्थाला आधी सातपट टाका, चव घ्या, मग वाढवा.

सजावट कॅमेरा जिथे बघतो तिथेच करा: नवरा-नवरीच्या मागची भिंत आणि प्रवेशदार. बाकी हॉल स्वच्छ असला की पुरे. फुलं हंगामातली, एकाच रंगाची, मोठ्या पानांच्या आधाराने लावली की थोडीही भरगच्च दिसतात. देठ तिरके कापून, पाण्यात बुडणारी पानं काढून ती थेट पाण्यात ठेवली तर सकाळपासून दुपारपर्यंत टवटवीत राहतात.

फोटोग्राफर दिवसावर न घेता तासांवर घ्या. गटाच्या एका फोटोला माणसं गोळा करण्यासकट ३ मिनिटं जातात, म्हणजे २० गटांना पूर्ण एक तास. कोणाकोणाचे गट हे आधीच लिहून, नावानं हाका मारू शकणाऱ्या एखाद्या आत्याच्या किंवा मामाच्या हाती द्या.

मित्रमैत्रिणींची मदत जरूर घ्यावी, पण आदल्या दिवशीपर्यंत संपणारी कामं द्यावीत: पाकिटं भरणं, नावाच्या चिठ्ठ्या, सामान आणणं. ऐन वेळी घड्याळाशी बांधलेलं काम, म्हणजे स्वयंपाक, माईक, फोटो, हे पैसे देऊनच करून घ्यावं. तिथे चूक झाली तर पैशांबरोबर मैत्रीलाही तडा जातो.

पैसे तीन हप्त्यांत द्या: ठरवताना थोडे, आठवडाभर आधी थोडे, काम झाल्यावर उरलेले. शेवटच्या हप्त्यांची पाकिटं आदल्या रात्रीच भरा. वर नाव, रक्कम, फोन नंबर आणि ‘काय झाल्यावर द्यायचं’ हे लिहा. ती एकाच माणसाकडे असावीत, आणि तो माणूस नवरा किंवा नवरी नसावा. भाड्याची भांडी, खुर्च्या, चादरी येतात तेव्हा मोजून घ्या आणि संख्येचा कागद पाकिटांच्याच पिशवीत ठेवा. परत देताना सगळे दमलेले असतात, चमचे उष्ट्या ताटांसोबत कचऱ्यात गेलेले असतात आणि अनामत रकमेतून कपात होते. म्हणून कचऱ्याच्या पिशव्या बांधण्याआधी चमचे मोजा.