ऑडिओ लायब्ररी निवडताना

आजचा अख्खा दिवस ऑडिओ लायब्ररींच्या (प्रोग्राममध्ये आवाज हाताळणाऱ्या तयार कोडच्या) तुलनेत गेला. नुसतं वाजवायचं-रेकॉर्ड करायचं असेल तर मिनीऑडिओ पुरे: सी भाषेतली एकच हेडर फाइल, विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे चालते. पोर्टऑडिओ डेस्कटॉपला भक्कम, पण फाइल डीकोड करणं (तिच्यातून वाजवण्याजोगा आवाज काढणं) आपल्याच गळ्यात.

खरी गोची कॉलबॅकमध्ये, म्हणजे पुढचा आवाज हवा झाला की लायब्ररी आपलं जे फंक्शन बोलावते त्यात. ४८००० हर्ट्झला (सेकंदाला ४८००० फ्रेम, म्हणजे आवाजाचे नमुने) २५६ फ्रेमचा बफर म्हणजे हातात जेमतेम ५.३ मिलिसेकंद. तेवढ्यात मेमरी मागितली, लॉकसाठी थांबलात किंवा फाइल उघडली की आवाज तटातटा तुटतो (आणि शिव्या खाते बिचारी लायब्ररी!). फाइल वेगळ्या थ्रेडवर वाचा, डेटा रिंग बफरमधून (दोन थ्रेडमधल्या गोल फिरणाऱ्या रांगेतून) द्या. आणि ४४१०० हर्ट्झची फाइल रीसॅम्पल न करता (नमुन्यांचा दर न बदलता) ४८००० वर सोडलीत, तर गाणं सुमारे ९ टक्के जलद आणि चिरकं वाजतं.