एका पत्रात हुन्नर आणि नाटक

अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी ज्यू समाजातील व्यावसायिक प्रशिक्षणाला आणि रंगभूमीला पाठिंबा देणारे पत्र लिहिले होते, हे वाचल्यापासून या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्याचे मला फार महत्त्वाचे वाटते आहे. आमच्या सोलापुरात घरोघरी हाताचा धंदा आणि गल्लोगल्ली नाटकवेडी मुले असूनही, आयटीआयला जाणारा मुलगा अभ्यासात मागे पडलेला आणि नाटक करणारा वाया गेलेला, असेच आपण बहुतेकदा धरून चालतो.

ज्यूंच्या प्रशिक्षणाच्या कामातील सर्वांत नावाजलेली संस्था म्हणजे १८८० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये सुरू झालेली ‘ऑर्ट’. रशियन साम्राज्यातील बहुसंख्य ज्यूंना पश्चिमेकडील ठरावीक पट्ट्यातच राहण्याची मुभा होती. मात्र कसबी कारागिराला त्या पट्ट्याबाहेर राहण्याचा परवाना मिळू शकत असे. म्हणजे शिंपीकाम, सुतारकाम किंवा लोहारकाम येणे हा पोटापाण्याइतकाच कुठे राहायला मिळते याचाही प्रश्न होता. पुढे, १९२१ मध्ये, या कामाची जागतिक संघटना बर्लिनमध्ये उभी राहिली, तेव्हा आइन्स्टाइन त्याच शहरात राहत होते. नंतरच्या काळात ऑर्टचे काम मुंबईतही सुरू झाले आणि कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजापर्यंत पोहोचले.

आइन्स्टाइन यांना हातकामाविषयी वाटणारा आदर वरवरचा नसावा. त्यांचे वडील आणि काका म्युनिकमध्ये विजेची उपकरणे बनवण्याचा कारखाना चालवत होते आणि ते स्वतः १९०२ ते १९०९ या काळात बर्नच्या पेटंट कार्यालयात इतरांनी शोधलेली यंत्रे तपासत होते. पुन्हा तरुण झालो तर शास्त्रज्ञ होण्यापेक्षा प्लंबर किंवा फेरीवाला होणे पसंत करीन, असे त्यांनी १९५४ साली लिहिले, ते अमेरिकेतील विचारवंतांवर येणाऱ्या दडपणाच्या संदर्भात. पण स्वतंत्रपणे जगता येईल असा धंदा म्हणून त्यांना नळकाम आठवले, हे मला मोलाचे वाटते.

नाटकाचे काय? मॉस्कोत हिब्रू भाषेत नाटके करणाऱ्या ‘हबिमा’ या मंडळीने १९२२ साली रशियन दिग्दर्शक वाख्तांगोव्ह यांच्या दिग्दर्शनाखाली ‘द डिब्बुक’ हे नाटक रंगमंचावर आणले. प्रार्थनेपुरती उरलेली समजली जाणारी भाषा तिथे भांडत, रडत, प्रेम करत प्रेक्षकांसमोर उभी राहिली. पोट भरल्यावर कला, हा आपला क्रम इतिहासाला मात्र मान्य नाही. विल्ना (आजचे लिथुआनियातील विल्निअस) येथील घेटोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, १९४२ मध्ये नाटक सुरू झाले, तेव्हा ‘स्मशानात नाटक करत नाहीत’ अशी पत्रके लागली होती. तो संताप खराच होता, तरीही लोक नाटकाला आले. बर्गेन-बेल्सनची छळछावणी एप्रिल १९४५ मध्ये मुक्त झाली आणि तिच्याशेजारी निर्वासितांसाठी उभारलेल्या छावणीत त्याच वर्षी वाचलेल्या लोकांनी यिडिश या पूर्व युरोपातील ज्यूंच्या बोलीभाषेत नाटके सुरू केली. ऑर्टची प्रशिक्षणशाळाही तिथेच उभी राहिली. घरदार आणि माणसे गमावलेल्या त्या लोकांनी एकासाठी दुसरे थांबवून ठेवले नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातील, म्हणजे तेलुगू भाषिक विणकरांच्या वस्तीतील, एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये उभे राहून पाहावे. ताण्यातला एक धागा तुटला की विणकर माग थांबवतो, शेकडो धाग्यांतून तो नेमका शोधतो, गाठ मारतो, फणीतून ओढून घेतो आणि माग पुन्हा सुरू करतो. हे सारे एवढ्या झटपट होते की पाहणाऱ्याला गाठ दिसतही नाही. एवढे अवधान ज्याच्या बोटांत आहे, त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. अशाच एखाद्या घरातला मुलगा संध्याकाळी नाटकाच्या तालमीला जातो, तेव्हा घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या त्या मुलाला आपला आवाज सापडत असतो. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा कामगारांचा पगार गेला आणि ओळखही गेली. त्यांच्यासाठी नवे कसब शिकवणारी शाळा जितकी हवी होती, तितकीच त्यांची गोष्ट मांडणारी रंगभूमीही हवी होती.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे की, पूर्व भागातील शाळांच्या संध्याकाळी रिकाम्या राहणाऱ्या वर्गखोल्या आठवड्यातून काही दिवस हुन्नर शिकवणाऱ्या वर्गांना आणि काही दिवस हौशी नाट्यमंडळांच्या तालमींना भाड्याशिवाय मिळाव्यात, आणि त्यासाठीचा अर्ज दोघांनी मिळून करावा.