तारवट्याची गिब्सन

ऑक्टोबर लागला की आमच्या बँडमध्ये सगळ्यांना एकच खाज सुटते, गोव्यातल्या टुरिस्ट सीझनच्या आधी काहीतरी नवीन घ्यायचं. यंदा कीबोर्डवाल्याचा फोन आला, "आरे हळदोण्याला एका घरात गिब्सन गिटार आहे, लेस पॉल मॉडेल, एकोणसाठची, विकतायत." मी हसलोच. 1958 ते 1960 मधली सनबर्स्ट (कडेला गडद होत जाणाऱ्या रंगाची) लेस पॉल म्हणजे आज लाखो डॉलरचं प्रकरण, ती हळदोण्यात कपाटावर पडलेली असेल तर मी डिचोलीचा राजा. पण गेलो. जुनी गिटार आहे म्हटल्यावर घरी बसवत नाही हो.

घर जुनं, मोठं, बल्कावात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, आंटी बसलेल्या. नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला होता, जपानला बोट लागायची, तिथून आणलेली. त्यांनी केस उघडली आणि आधी वास आला, चार महिन्यांच्या पावसाचा, गोव्यातल्या बंद कपाटाचा. गिटार मात्र देखणी. हेडस्टॉकचा, म्हणजे गिटारच्या डोक्याचा आकार तोच, नावाची अक्षरंही लांबून तशीच तिरकी, पण जवळून वाचलं तर ग्रेको, जपानी ब्रँड. पाठीमागे नंबर जी77 ने सुरू होणारा. ग्रेकोच्या त्या काळातल्या नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे, म्हणजे ए जानेवारी धरला तर जी म्हणजे जुलै, जुलै 1977. मात्सुमोतोच्या फुजिगेन फॅक्टरीतली असणार. म्हणजे गिब्सन नाही, पण फेकण्यासारखीही अजिबात नाही.

इथे जरा भडास काढतो. 1977 मध्येच गिब्सनच्या मालक कंपनीने अमेरिकेत आयबानेझ हा जपानी ब्रँड विकणाऱ्या कंपनीवर हेडस्टॉकच्या आकारावरून केस टाकली होती आणि ती शेवटी तडजोडीत मिटली. केस तेवढीच. पण आता ऑनलाइन कोणतीही जुनी जपानी कॉपी दिसली की हेडिंगमध्ये "लॉसूट गिटार", म्हणजे खटल्यातली गिटार, आणि किंमत दीडपट. ग्रेको तर मुळात जपानातच विकायला बनवायचे, तिचा त्या केसशी काय संबंध?

असो. मी तपासायला घेतो तेव्हा आधी रंग बघत नाही, आधी मान, म्हणजे नेक. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरायची आणि नेकच्या कडेने बघायचं, पीळ पडलाय का. मग पहिल्या फ्रेटवर (नेकवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, शेवटची फ्रेट बोटाने दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे ते बघायचं, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी हवी. इथे तीन कार्डं गेली असती. पावसाळ्यातून आलेल्या गिटारीत हे होतंच, हवेत पाणी, लाकूड फुगणार, त्यामुळे घाबरलो नाही, पण खरा प्रश्न ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई, फिरतो का हा होता. कधीही थेट आवळायचा नाही, आधी पाव फेरा सैल करून बघायचा, कारण एखाद्याने आधीच शेवटपर्यंत आवळून ठेवला असेल तर तुम्ही फक्त तोडायचं काम करणार. थोडा कुरकुरला, मग फिरला. तिथेच मी मनातल्या मनात अर्धी गिटार घेतली होती.

मग टॉर्च लावून हेडस्टॉकची मागची बाजू, नटच्या (तारा जिथून डोक्याकडे जातात त्या खाचांच्या पट्टीच्या) खाली. या डिझाइनमध्ये हेडस्टॉक मागे झुकलेला असतो आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेलं असतं, गिटार स्टँडवरून पडली की तिथेच मोडते. बारीक रेघ दिसते का बघायचं, रेघेवर नख अडकतं का बघायचं. काही नव्हतं. खरं सांगायचं तर असती तरी मी पळालो नसतो. नीट चिकटवलेला हेडस्टॉक वर्षानुवर्षं टिकतो आणि मोडलेल्या गिटारीची किंमत अर्ध्यावर येते. कलेक्टरला जे नको असतं, पुन्हा मारलेला रंग, बदललेले ट्यूनर, नवीन फ्रेट, ते वाजवणाऱ्याच्या पथ्यावरच पडतं. उलट कलेक्टर ज्याला "सगळं ओरिजिनल" म्हणून डोक्यावर घेतो त्यात फ्रेटसुद्धा ओरिजिनल असतात, म्हणजे घासून सपाट, त्यावर बेंड मारून, म्हणजे तार ओढून सूर चढवून, दाखवा.

फ्रेट बघून मजा वाटली. पहिल्या तीन फ्रेटवर तारांचे खड्डे, त्यातही जी, सी, डी कॉर्डच्या जागी जास्त, आणि बाराव्याच्या पुढे अगदी कोरं. म्हणजे आंटींचा नवरा आयुष्यभर कॉर्ड वाजवत होता, सोलोच्या वाटेला गेलाच नाही. माझ्यासाठी बरंच की, माझा अर्धा सेट तिकडेच असतो. सगळ्या फ्रेटवर हिरवट कळंक होता. निकल सिल्वर म्हणतात त्याला, पण त्यात चांदी औषधालाही नाही, तांबं, जस्त आणि निकल, त्यामुळे खाऱ्या हवेत हे होणारच. घासलं की जातं. ब्रिजचे स्क्रू मात्र गंजून जाम.

मल्टिमीटर जॅकला लावला, दोन्ही पिकअप (तारांचा कंप पकडणारे चुंबकी भाग) 7 ते 8 किलो-ओहममध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीचे हंबकर, दोन वेटोळ्यांचे पिकअप, जिवंत. माझ्या छोट्या बॅटरीवाल्या अँपवर वाजवली, व्हॉल्यूम फिरवताना खरखर, ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. तारांना हात लावला की हम (अँपची गुणगुण) कमी व्हायचा, म्हणजे ग्राउंडची वायर शाबूत. ही वायर शाबूत म्हणजे निम्मंच काम झालं बरं का, बीचवरच्या शॅकवर अर्थिंग नसेल तर हीच वायर तुम्हाला माइकला ओठ लावल्यावर झटका देते, अनुभव आहे.

आंटींचा मुलगा परदेशात, त्याने फोनवर तीन लाख सांगितले, गिब्सन म्हणून. मी नंबर दाखवला, नाव मोठ्याने वाचलं. आंटी नवऱ्याबद्दल शांतपणे म्हणाल्या, "ताणें केन्नाच गिब्सन म्हणूंक ना, तें तुमीच म्हणटात." शेवटी पंचावन्न हजारांत सौदा पटला आणि त्या म्हणाल्या, "तुका जाय जाल्यार व्हर," म्हणजे हवी तर ने.

आणि मग मी गाढवपणा केला ना. छोट्या अँपवर गोड वाजणारी गिटार रिहर्सलला मोठ्या अँपवर गेन (आवाज खरखरीत, जाड करणारं बटण) चढवून लावली आणि ती किंचाळायलाच लागली, सुरात येणारा फीडबॅक नाही, शिट्टी, प्रेशर कुकरसारखी. पिकअपवर नखाने टकटक केलं तर स्पीकरमधून ठकठक ऐकू येत होती. आतल्या तारेची वेटोळी आणि वरचं धातूचं कव्हर सैल असलं की ते स्वतःच कंप पावतं आणि माइकसारखं वागतं. गिब्सनचे 1950 च्या दशकातले पहिले हंबकरही मेणात बुडवलेले नसायचे, तेव्हा एवढ्या आवाजात वाजवतंय कोण. ही टकटक मी हळदोण्यातच करायला हवी होती, फुकटची टेस्ट, दोन सेकंद लागतात.

उपाय घरातलाच, पिकअप मेणात बुडवायचा. म्हापशाच्या मार्केटातून साध्या मेणबत्त्या आणल्या, थोडं मधमाशांचं मेण त्यात, पातेल्यात पाणी आणि पाण्यात डबा, तापमान 65 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही नाहीतर आतलं प्लास्टिक वाकतं, आणि थेट गॅसवर मेण तर चुकूनही नाही. पिकअप सोडला की बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत ठेवायचा, मला वीसेक मिनिटं लागली. आईने त्या पातेल्याकडे बघून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

शिट्टी गेली. आता गेन चढवला की ती गुरगुरते, किंचाळत नाही. 'जी' (G) सुराची तार मात्र अजून बेंडनंतर परत जागेवर येत नाही, नटच्या खाचेत अडकते, काल पेन्सिलीचं शिसं घासलंय तिथे. शनिवारी मोरजीला वाजवतोय, बघू.